साडीला पाण्यात मज्जाव

पेणहून निघालो तेव्हा भाड्याच्या मिनीडोरमध्ये (आमच्याकडची तीनचाकी सहा आसनी) आम्ही सहा जण होतो आणि त्यातले दोघे केवळ निषेध म्हणून आले होते. एक बाबा, दुसरी मी.

माझा भाऊ बंदरावर ट्रेलर चालवतो. त्याच्या शेठने कामगारांना सहकुटुंब वॉटरपार्कचे पास वाटले. पार्क नागावच्या अलीकडे, नारळाच्या वाड्यांमध्ये. तिथून समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्याला तिकीट नाही. तरी त्याच्या शेजारी भिंत बांधून, आत सिमेंटचा समुद्र करून, दारात तिकीटखिडकी लावायची अक्कल कुणाला तरी सुचली. पार्कचं नाव मी देत नाही, फुकट जाहिरात माझ्या तत्त्वात बसत नाही. आसपासच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात आणि भिंतीच्या आत निळे तलाव बारा महिने काठोकाठ असतात, एवढं सांगितलं की पुरे.

बाबांनी याच पार्कविरुद्ध पत्रक काढलं होतं, 'पाणी कुणाचं?' या मथळ्याचं. ते मिठागरात कामाला होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या घरात वाणसामान संपायचं, कागद संपायचा नाही. आई आणि मी जेवणं झाल्यावर पत्रकांच्या घड्या घालत बसायचो. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. त्यामुळे पास आले तेव्हा घरात बहिष्कार जाहीर झाला. दादाची मुलगी परी सहा वर्षांची आहे. तिने आजोबांशी बोलणं बंद केलं. बहिष्कार मोडायला तिने बहिष्कारच वापरला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा शरण आले.

वडखळला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. बाबांनी रस्त्याच्या ठेकेदारीवर भाषण सुरू केलं. बाबा घरात आगरी बोलतात, पण भाषण येऊ लागलं की त्यांची मराठी एकदम छापील होते. वहिनीने वडापाव घेतले. परीने 'आलं का, आलं का' विचारून चालकाला इतकं भंडावलं की त्याने गाण्याचा आवाज वाढवला. पोयनाड गेलं, अलिबाग गेलं. थंडी सरत आली होती. वाड्यांमधून जाताना ओल्या सुपारीचा वास येत होता आणि तेवढा वेळ मी रागवायचं विसरले.

दारात राग परत मिळाला. "बाहेरचं खाणं आत चालत नाय," सुरक्षारक्षक म्हणाला.

आईने पोपटी आणली होती (वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून शेकोटीत भाजलेले). चुलत्याच्या शेतात आदल्या रात्री लावलेली, दोन डबे भरून. टाकून देणं आमच्यात पाप. मग सगळं कुटुंब पार्किंगमध्ये दोन बसच्या मधल्या सावलीत उभं राहिलं आणि दुपारचं जेवण सकाळीच संपवलं. पोटं तट्ट झाली. आत शिरल्यावर पहिला फलक दिसला तो 'अस्सल पोपटी महोत्सव'. मडकी गॅसवर ठेवली होती.

पण त्याआधी नारळावरून अडलं. आईच्या पिशवीत एक सोललेला नारळ निघाला.

"हा पण खाण्यातच येतो, काकू."

"यो खावाचा न्हाय," आई म्हणाली. "पान्याला द्यावाचा हाय."

"कुठल्या पाण्याला?"

"तुमच्या."

रक्षक हसला. आईच्या लेखी यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे मोठ्या पाण्यात उतरायचं तर आधी त्याला मान द्यायचा; नात पाण्यात जाणार आणि नारळ नाही, हे तिला जमणारं नव्हतं. बाबा आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध बोलत आले. ते लगेच झाडांची पाहणी करायला गेले. मीही त्याच शाळेतली. पण दारावरचा माणूस माझ्या आईला काय न्यायचं ते सांगणार म्हटल्यावर मी नारळाची वकील झाले. "फलकावर 'खाद्यपदार्थ' लिहिलंय. हा पूजेचा आहे. पूजेवर बंदी असेल तर तसं लिहून लावा."

"न्या ताई," तो म्हणाला, "फक्त आत फोडू नका."

आत गेल्यावर माझ्या डोळ्यांत पहिल्यांदा भरली ती फायबरची कोळीण. लाटांच्या तलावाच्या मधोमध उभी, काष्टा घातलेलं लुगडं, डोक्यावर टोपली, टोपलीतून पाण्याची धार. मासळी विकणाऱ्या बाईचं कारंजं केलेलं. खाली 'कोकणचा अनुभव घ्या' असं लिहिलेलं. भोंगा वाजला की तळघरातलं कसलंसं यंत्र घरघरतं आणि लाटा येतात. माणसं ओरडतात. यंत्र थांबतं, माणसं भोंग्याची वाट बघत उभी राहतात. समुद्रावर असं ताटकळताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

आईने काठावर बसून नारळाला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि तो पाण्यात सोडला. लाटेने तो तिच्या पायाशी आणून ठेवला. तिने पुन्हा सोडला. पुन्हा परत. परीने लांब ढकलला, तर येताना एका माणसाच्या पोटावर आपटून आला. शिट्टी वाजली. उंच खुर्चीवरचा जीवरक्षक उतरून आला आणि त्याने नारळ उचलला.

"काकू, हे मशीन आहे. हे काय घेत नाय."

"न घेऊदे," आई म्हणाली. "मी मान दिला, माझा काम झाला." मग पदर खोचत विचारलं, "आता उतरू?"

आम्हाला वाटलं होतं ती पिशव्या सांभाळायला बसेल. दरवेळी तीच बसते.

"साडी नाय चालत, काकू. नायलॉनचे कपडे पाहिजेत." त्याने फलक दाखवला.

मी कोळणीकडे बोट केलं. "तिचं लुगडं कसं चालतं?"

"ती पोहत नाय ना," तो म्हणाला.

मी सरळ व्यवस्थापकाकडे गेले. हा माझा स्वभाव आहे. माझ्याच वयाचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र, समोर पंखा. मी त्याला ऐकवलं की तुम्ही आमच्या बायकांचा वेश शोभेला तलावात उभा करता आणि जिवंत बाईला तो उतरवून या म्हणता. नफ्यासाठी माणसाला त्याचं सगळं सोडायला लावायची ही रीत आहे. तो आधी 'मॅडम, रूल सगळ्यांना सेम आहे' म्हणाला, मग साडी पायात गुंतून माणूस बुडतो म्हणाला, आणि मी खुर्ची ओढून बसले तेव्हा थकून म्हणाला, "ठीक आहे. आंटी साडीत पायरीवर बसू शकतात. पाय पाण्यात सोडून."

जिंकून मी धावत तलावाशी आले. "आई, परवानगी मिळाली. साडीतच बस, पाय सोडून."

आईने माझ्याकडे पाहिलं. "पाय सोडून बसाला घरची पायरी हाय. मना पोवाचा हाय." (मला पोहायचं आहे.)

दादा मोबाइलवरून मान वर करून म्हणाला, "तुला येतं?"

ती बाबांकडे वळली. भाड्याच्या कपड्यांची खिडकी समोरच होती, टी-शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी विजार. "मी ती कापडं घेतंय."

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. दादाच्या कंपनीतले निम्मे लोक आमच्याच भागातले, सगळे तिथे. बाबांची मराठी छापील झाली. "प्रश्न कपड्यांचा नाही. बाईला तिचा वेश सोडायला लावणं ही या नफेखोरीची रीत आहे. आपण या रीतीपुढे मान तुकवायची नाही."

हेच मी पाच मिनिटांपूर्वी आत बोलून आले होते, जवळजवळ याच शब्दांत. माझ्याच तोंडचं वाक्य आईच्या वाटेत आडवं पडलेलं बघून माझं डोकं फिरलं.

"बाबा, खरं सांगा. राग पार्कचा आहे की आईच्या पिंढऱ्या दिसतील याचा?"

"लोका बघतान," बाबा पुटपुटले. हे मात्र घरच्या मराठीत.

"तुमचं आठ मार्चचं, महिला दिनाचं पत्रक कोण बघतं मग?"

"तू गप," आई मला म्हणाली. "अर्धा दिवस भांडण्यात गेला तुझा." मग बाबांना, "अवो, मी इचारत न्हाय. सांगतंय."

ती खिडकीकडे गेली. परतली तेव्हा अंगात नारिंगी टी-शर्ट होता, त्यावर हसणारा डॉल्फिन. सवयीने तिचा हात खांद्यावरचा पदर शोधत होता. घडी केलेली साडी तिने बाबांच्या हातात दिली. "धरा. भिजवू नका."

भोंगा वाजला. लोक लाटेला पाठ करून ओरडत होते आणि आई त्यांच्यामधून समोरून लाटेत शिरली. डोकं वर, एक कान पाण्यात, एक हात लांब टाकत, आमच्याकडची जुनी माणसं खाडीत पोहतात तशी. जीवरक्षक खुर्चीत उभा राहिला, "काकू, पुढे खोल आहे," असं ओरडला, शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायची विसरला. ती कोळणीला वळसा घालून परत आली आणि न थांबता पुन्हा गेली. परी काठावर नाचत होती. वहिनी म्हणाली, "आई, मला पण शिकवा."

कंपनीतला कुणीतरी बाबांजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, वहिनी पट्टीच्या पोहणाऱ्या आहेत की."

"व्हय," बाबा म्हणाले. साडी त्यांनी छातीशी धरली होती.

आई बाहेर आली ती पार्क बंद व्हायची घोषणा झाल्यावर. क्लोरीनने डोळे लाल झालेले, बोटं सुरकुतलेली. परी सोडली तर आम्ही बाकीचे कोरडेच होतो.

परतीच्या वाटेवर परी झोपली. माझ्या डोक्यात नवं पत्रक तयार होत होतं. वाडीतल्या विहिरी आटतात त्याबद्दल, मडक्याखालच्या गॅसबद्दल, बाईचं कारंजं करणाऱ्यांबद्दल. यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण हे सगळं मी माझ्या आईच्या वतीने बोलत होते आणि तिला काय हवं ते तिला विचारायचं आम्हा दोघा पत्रकवाल्यांना सुचलं नव्हतं. असल्या चळवळीचा मला संताप येतो, ती आमच्या घरची असली तरी.

पोयनाडच्या पुढे बाबांनी विचारलं, "पोवाला कुठं शिकलीस?"

"तुमी कंदी इचारला?"

"आता इचारतंय."

आईने परीचं डोकं मांडीवर घेतलं. मग सांगू लागली. माहेरी खाडीच्या बांधाशी भरतीचं पाणी चढायचं, चौघी बहिणी तरंगायला केळीचा खुंट घेऊन उतरायच्या, थोरलीने एक दिवस खुंट काढून घेतला. दादाने मोबाइल खिशात टाकला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती गावच्या तळ्यावर गेली होती, तिथे काय झालं, इथपर्यंत ती आली तेव्हा पुढच्या गाण्याचा ठेका सुरू झाला.

बाबांनी पुढे वाकून चालकाच्या खांद्याला हात लावला.

"गाना बंद कर," ते म्हणाले. "मना आयकू येत न्हाय ती काय बोलतंय."