म्हातारीचा घाम

माझी पोस्टिंग तेव्हा लढाऊ विमानांच्या एका तळावर होती. ट्रेड इंजिन फिटर, रँक सार्जंट. माझ्या ताब्यातलं विमान माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं होतं आणि ते उडवणारे फ्लाइट लेफ्टनंट बक्षी माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आम्ही विमानाला म्हातारी म्हणायचो. रिटायर होऊन बाभुळगावला आल्यापासून लोक मला हटकून एकच विचारतात. समारंभात अशी जुनी जेट विमानं अजून उडवतात, ती सुरक्षित असतात का? मी सांगतो, जुन्या विमानापेक्षा मला जुन्या फिटरची जास्त भीती वाटते. लोक हसतात. मी चेष्टा करत नसतो.

रोज साडेपाचला हँगर उघडायचा. टॉर्च, छोटा आरसा आणि पुसायचं फडकं घेऊन मी म्हातारीच्या पोटाखाली शिरायचो. इंधनाच्या पाइपवर एक नट होता, सुपारीएवढा. तो सैल पडू नये म्हणून त्याला तारेचा पीळ घालून बांधतात. प्रत्येक फिटरचा पीळ वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. मी तारेचं टोक डावीकडे दुमडून आत खोचायचो. वानखडे कापसाचं गाठोडं बांधतोय, असं पोरं चिडवायची. चिडवू देत. माझा पीळ कधी सुटला नाही.

नटाच्या बाजूला पाइप धरून ठेवणारी एक पट्टी होती. तिच्याखाली रोज सकाळी थोडा ओलावा दिसायचा. माझ्या आधीच्या फिटरनं चार्ज देतानाच सांगितलं होतं, "इसको पसीना आता है." मी पहिले काही दिवस पट्टी सोडून पाहिलं. पाइप धड होता. मग नुसतं पुसायला लागलो. बिघाड असेल तर रजिस्टरात लिहितात. म्हातारीचा घाम कोण लिहिणार?

त्या दिवशी तिला दुसऱ्या तळावर न्यायचं होतं. सात दहाला मी पट्टीखाली बोट फिरवलं. ओलं होतं. जरा जास्तच होतं, असं मला आज वाटतं. पुसलं. सात पंचवीसला फॉर्मवर सही केली.

बक्षी साहेब शिडी चढताना म्हणाले, "बुढ़िया कैसी है?"

"ठीक है, सर. पसीना पोंछ दिया."

ते हसले. हा आमचा रोजचा विनोद होता.

आठ बावन्नला कंट्रोलला त्यांचा शेवटचा कॉल आला. "इंजन फायर. नीचे खेत में औरतें हैं. आगे ले जा रहा हूँ." त्यानंतर काही नाही. विमान पडलं ते मारेगाव तालुक्यात, कापसाच्या रानात. साहेबांनी सीटसकट बाहेर झेप घेतली होती, पण फार खाली आल्यावर. पॅराशूट उघडायला उंची उरली नव्हती.

नकाशावर गाव पाहून आमचे कमांडिंग ऑफिसर म्हणाले, "सार्जंट, तुम्हारा इलाका है. भाषा जानते हो. जाओ."

आमचा जिल्हा मी पहिल्यांदाच युनिफॉर्मात असा पाहिला. ती कापसाची वाईट वर्षं होती. अर्धी बोंडं अळीनं खाल्लेली, भाव पडलेला, वेचणी रेंगाळलेली. त्यामुळे थंडी सरत आली तरी रान पांढरंच होतं. सकाळी धुकं आणि कापूस यांतली सीमा दिसायची नाही. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळायचं नाही. त्या पांढऱ्यात मधेच एक काळा पट्टा होता. मी तिथे उभा राहिलो की मला वरून म्हातारीचा आवाज यायचा. मान वर करून पाहायचो. काही नसायचं. पुन्हा यायचा.

सगळ्यांचा संशय नटावर होता. कोणी तोंडावर बोललं नाही, पण नट माझा, तार माझी. तार सुटली असेल तर एका माणसाचा जीव माझ्या बोटांनी घेतला होता. चौकशीची तुकडी आणि मी, आम्ही दोन दिवस रांगा धरून चाललो. मोठे तुकडे मिळाले, नट नाही.

त्या रानात वेचणाऱ्या बायकांची म्होरकी शेवंताबाई बांधावर बसून आमचा खेळ पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. "तुमी पायानं हुडकून राह्यले, भाऊ," ती म्हणाली. "हातानं हुडका."

तिसऱ्या दिवशी तिनं अकरा बायका आणल्या. वेचणीला एका बाईकडे एक ओळ असते, तिला पात म्हणतात. आपली पात सोडून दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही आणि आपल्या पातीतलं एकही झाड चुकवायचं नाही. बायका वाकल्या. दोन्ही हातांनी एकेक झाड उघडत निघाल्या. कापूस ओटीत जात होता, लोखंड बाजूला ठेवलं जात होतं. अकरा वीसला शेवंताबाईनं हाक मारली. तिच्या तळहातावर नट होता. तार शाबूत, टोक डावीकडे दुमडून खोचलेलं.

मला आनंद झाला. लपवत नाही. साहेब गेले होते आणि मला आनंद झाला होता.

चौकशीच्या विंग कमांडरांनी तार पाहून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हारा काम सही था, सार्जंट." नटाला पाइपचा बोटभर तुकडा अजून चिकटलेला होता. पट्टी बसायची तिथे केसासारखी चीर होती, पूर्ण गोल फिरलेली. त्या जागी माझं बोट सकाळी सात दहाला फिरलं होतं. चीर पाइपच्या वयाची, असंच सगळे म्हणाले असते. त्या सकाळच्या ओलाव्याची गोष्ट बक्षी साहेबांना आणि मलाच माहीत होती.

मी म्हणालो, "सर, वहाँ गीला था. रोज रहता था. मैंने पोंछकर साइन किया."

त्यांनी खांद्यावरचा हात काढला. मग वही काढली. त्याच संध्याकाळी तळावरच्या सगळ्या जुन्या विमानांच्या पट्ट्या सोडल्या. आणखी दोन पाइप चिरलेले निघाले. त्या दोन म्हाताऱ्यांनाही घाम यायचा, असं त्यांच्या फिटरांनी मागाहून कबूल केलं. माझं प्रमोशन अडलं. ते अडायलाच हवं होतं.

निघताना शेवंताबाईनं विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

"बक्षी साहेब."

"ते नाई. घरी कोन्त्या नावानं बोलवत? इमान आमच्याकडंच येत होतं, भाऊ. त्यानं आमाले पाह्यलं अन् वळवलं."

मला माहीत नव्हतं. वर्षभर ज्यांच्या सीटचे पट्टे मी आवळले, त्यांचं घरचं नाव मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या आईंना पत्र लिहिलं, घामाचं सगळं कळवलं आणि शेवटी नाव विचारलं. तीन महिन्यांनी कार्ड आलं. माझ्या कबुलीवर एक अक्षर नव्हतं. एकच शब्द होता, टिंकू.

आता मी दरवर्षी वेचणीला मारेगावला जातो. शेवंताबाई थकली आहे, बांधावर बसूनच पाती वाटून देते. बायका ओळीनं उभ्या राहिल्या की मधली एक पात ती मोकळी ठेवते.

"ते टिंकूची," ती म्हणते. "भाऊ, तुमी धरा."

मी वाकतो आणि हातानं एकेक झाड उघडत जातो.