बाबांच्या ताटातला नवस

चूक माझीच होती, आणि ती मी गणपतीसमोर, सगळ्या घराच्या साक्षीने केली.

त्या चतुर्थीला मुंबईहून रजा काढून आलो. मालवणजवळच्या कट्टा गावी एस्टीतून उतरलो तेव्हाच कळले, बाबा अंथरुणावर आहेत. छातीत कफ आणि सणसणीत ताप. मालवणचे डॉक्टर सुई टोचून गेले होते. "ताप उतरेपर्यंत काही सांगता येत नाही," एवढेच ते म्हणाले होते.

गणपती मात्र ठरल्या दिवशी आला. पूजा झाली आणि गाऱ्हाणे कोण घालणार, असा प्रश्न पडला. आमच्याकडे ते घरच्या कर्त्याने घालायचे. तो देवाला मोठ्याने घरची सुखदुःखे सांगतो आणि प्रत्येक मागणीनंतर सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. हे काम बाबांचे. थोरला म्हणून त्या दिवशी मी उभा राहिलो.

सुरुवात बरी झाली. मग आतून बाबांचा खोकला ऐकू आला, तो थांबेचना, आणि माझा धीर सुटला.

"बा देवा म्हाराजा, बाबांका बरे कर! बरे झाले तर ते जन्मभर मासे सोडतीत!"

"व्हय म्हाराजा!" घर गरजले. त्यात एक घोगरा आवाज आतल्या खाटेवरूनही आला. सवय, दुसरे काय!

क्षणभराने तोच आवाज म्हणाला, "रे झिला, काय बोललस तू?"

आईने कपाळाला हात लावला. "नुसते सोमवारचे म्हणूचे होते."

"सोमवारी आपण खंय खातव?" धाकटी बहीण म्हणाली.

"ता देवाक खंय म्हायत!"

विसर्जनापर्यंत ताप उतरला. बाबा भिंतीला टेकून पेज पिऊ लागले आणि शेजाऱ्यांना सांगू लागले, "अर्धो डॉक्टरान बरो केल्यान, अर्धो सोडलेल्या बांगड्यान." मी म्हटले, नवस मी बोललो, तुम्हाला तो लागू नाही. त्यांनी मान हलवली. "व्हय म्हटलंय मी. आता नाय कसा म्हणू?"

मे महिन्यात पुन्हा गावी गेलो. तारकर्लीची मासेवाली घरासमोरच्या खळ्यात टोपली उतरवायची. मासे निवडायचे बाबाच. कल्ला उघडून ताजेपणा बघणे दुसऱ्या कोणाला जमत नसे. ती हसून म्हणायची, "देवान तुमचा तोंड बांधल्यान, हात नाय!" मग जेवताना ते कुळथाची पिठी ओरपत आणि माझ्या ताटाकडे बघत. "खा, खा. माझ्या नवसाचो बांगडो तो, गोड लागतलो."

सगळे हसत. मीही हसे आणि खाई. खरे सांगायचे तर तो गोडच लागे. रात्री मात्र डोक्यात एकच गोष्ट घोळत राही. देवाकडे मागायला गेलो, तेव्हा द्यायला माझ्याजवळही पुष्कळ होते. विड्या होत्या, मलाही मासे आवडत होतेच. पण घाबरल्यावर मी हात घातला तो त्यांच्या ताटात, आणि तेही ते आजारी पडलेले असताना. हे त्यांना सांगावे म्हणून दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि पावसापाण्याचे बोलून उठलो.

पुढच्या चतुर्थीला बाबा ठणठणीत होते. गाऱ्हाणे घालायला ते पुढे झाले, तेव्हा मी म्हटले, "बाबा, आज माका घालूक द्या."

"आता काय सोडूक लावतस? भात?" ते म्हणाले, पण बाजूला झाले.

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, गेल्या वर्साक मी भियालंय आणि माझ्या बापाशीच्या तोंडचो घास तुका दिलंय. तो माझो नव्हतो. बाबानु, माका माफ करा. देवा, आजपासून मासे मी सोडलंय. त्यांचे त्यांका परत दी..."

माझे वाक्य संपायच्या आतच, सगळ्यांच्या आधी, बाबा ओरडले, "व्हय म्हाराजा!"