घोंगडीवर जोडलेला कम्प्युटर

आमच्या घरातला कम्प्युटर तयार विकत आणलेला नाही. एकेक भाग आणून मी स्वतः जोडलाय. त्यात काय एवढं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं खुशाल येऊन बघावं, परभणीकडच्या बोरीपासून आमचं गाव काही लांब नाही. अख्ख्या गावात गेम खेळायचा कम्प्युटर एकच, तो मेंढरं पाळणाऱ्याच्या घरात, आणि तोही पोरीचा. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. होऊ द्या.

आमच्याकडे पोर चालायला लागलं की एक शेळी त्याच्या नावानं ठेवतात. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी त्या पोराची. विकायची तर त्याला विचारून. ताईनं तिच्या शेळ्या विकून कानातलं केलं. माझ्या शेळ्या वाढत होत्या आणि मी फोनवर गेम खेळत होते. फोन तव्यासारखा तापायचा, ऐन मोक्याला अडकायचा आणि मी चिडून तो उशीवर आपटायचे. शेवटी एक दिवस सांगून टाकलं, की मला कानातलं नको, कम्प्युटर पाहिजे.

चुलते हसायलाच लागले. "शेळ्या इकून खेळणं घ्यायलीस? येड लागलं का पोरीला?"

आबा, म्हणजे माझे वडील, तंबाखू मळत होते. ते एवढंच म्हणाले, "शेळ्या तिच्या हायत. तिची मर्जी." मग माझ्याकडं बघून विचारलं, "पर तुला जोडता यील का?"

"येईल की!" मी ठणकावून सांगितलं. खरं तर तोपर्यंत मी स्क्रूसुद्धा फक्त व्हिडिओत फिरवलेला बघितला होता. पण आबांनी चुलत्यांसमोर माझी बाजू घेतली होती. आता ते जमलं नाही तर हसं माझं नाही, आबांचं होणार होतं.

परभणीला कॉलेजला जाता-येता मी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "तयार घ्या ताई, तुम्हाला झेपायचं न्हाई ते." मी त्याच्याकडून काहीच घेतलं नाही. गेला उडत. शेळ्या विकून आलेले पैसे बेताचेच होते, म्हणून प्रोसेसर असा निवडला, की ज्यात चित्र दाखवायची सोय नसते आणि त्यामुळं तो स्वस्त पडतो. चित्रासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळं, तेही एका होस्टेलच्या पोराकडून जुनं घेतलं. बंद पडलेल्या नेट कॅफेतला मॉनिटर मिळाला. कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीत बसले तर कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट काढा बाई." अख्खी गाडी हसली, मीही हसले.

रविवारी सकाळी सगळे खोके ओसरीत मांडले. तेवढ्यात आबा आतून घोंगडी घेऊन आले. आमच्यात नवं काम घोंगडीवर बसून करायचं असतं, मग बारसं असो नाहीतर हळद. ती घोंगडी आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. आबांनी ती झटकून अंथरली आणि म्हणाले, "हं, बस."

प्रत्येक व्हिडिओत पहिल्यांदा हेच सांगतात, की लोकरीपासून लांब राहा. लोकरीनं अंगात वीज साठते आणि एका चटक्यात नाजूक भाग जळू शकतो. ऐन थंडीचे कोरडे दिवस होते. मी आबांना समजावलं.

"मला सांगायलीस व्हय?" आबा म्हणाले. "जलमभर पांघरायलोय. थंडीत अंगावरनं काढताना ठिणग्या उडत्यात हिच्या. हात भुईला टेकवायचा, जाती ती वीज. दर बारीला टेकव आन् मग हात लाव."

मला नाही म्हणवेना. घोंगडीवर बसले. आमच्या ओसरीची जमीन सारवलेली. प्रत्येक भाग उचलण्याआधी डावा हात भुईला टेकवायचा, कॅबिनेटच्या पत्र्याला लावायचा, मगच काम. माय दोनदा चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. दुपारपर्यंत सगळं बसलं. चुलते खास बघायला आले आणि दारात उभे राहिले.

बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले. मॉनिटर मात्र काळा ठिक्कर. बंद करून परत लावला, तारा काढून परत खोचल्या. काहीच नाही.

"झालं? गेल्या शेळ्या पाण्यात," चुलते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. आणि चिडले कुणावर, तर आबांवर. "तुमच्या घोंगडीनं वाटोळं केलं समद्याचं! सांगत होते मी! तुमाला काय कळतंय ह्यातलं?"

आबांनी घोंगडीची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि मेंढरं बसवली होती त्या वावराकडं निघून गेले. माय म्हणाली, "लय बोललीस गं." मी तोंड फिरवून बसले, रडू दाबत.

चुलतेही गेले. मग डोळे पुसून मी मॉनिटरची तार हातानं मागपर्यंत चाचपत नेली. ती वरच्या खाचेत होती, प्रोसेसर बसतो त्या मदरबोर्डच्या. ज्या प्रोसेसरला चित्रच दाखवता येत नाही, त्याच्याकडं मी चित्र मागत होते! ग्राफिक्स कार्डाची खाच खाली होती, आणि ती रिकामी. तार काढून खाली लावली, बटण दाबलं. मॉनिटरवर अक्षरं उमटली.

मी किंचाळले. पण लगेच आबांना काय बोलले ते आठवलं. घोंगडीचा काडीचाही दोष नव्हता.

चप्पल न घालता वावरात पळत गेले. आबा एका कोकराच्या पायातला काटा काढत होते.

"आबा, चुकलं माझं. तार मीच चुकीची लावली होती. घोंगडीनं काय नव्हतं केलं."

त्यांनी आधी काटा काढला. मग विचारलं, "चालू झालं का?"

"झालं."

"मग रडायलीस कामून? चल."

वाटेत त्यांनी चुलत्यांना हाक मारली, "या, बघा की!" घरी येऊन घोंगडी पुन्हा अंथरली आणि मला म्हणाले, "बंद कर. पयल्यापासून लाव. मला बघू दे." मी लावला. अक्षरं आली, तसे आबा चुलत्यांकडं वळून म्हणाले, "समदं हिनं जोडलंय. एकटीनं." त्यांचा आवाज एवढा मोठा मी फक्त मेंढरं हाकताना ऐकला होता.

मी एक गाडी पळवायचा गेम आधीच पेनड्राइव्हवर आणून ठेवला होता. सगळं बसवून तो सुरू व्हायला दिवस मावळला. आबा तोवर जागचे हलले नाहीत. मी माउस त्यांच्यापुढं सरकवला. "आबा, आधी तुमी."

आबांनी हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. तळवा भुईला टेकवला, नीट दाबून. मग माउस धरला.