सेल कसाही घाला

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सेलची घरं बनतात. टॉर्च, खेळणी, भिंतीवरची घड्याळं यांत सेल बसतात ना, ती प्लॅस्टिकची खोबण. वीस वर्षं मी तिथं त्यांची डिझाइनं करतोय. वर्तकनगरहून चालत जातो, आणि माझ्या कामात कुणी लुडबुड केलेली मला खपत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा होते. त्या वर्षीचा सगळ्यात चांगला नमुना पाटावर मांडायचा आणि तो ज्यानं केला त्यानं नारळ फोडायचा, ही मालकांच्या वडिलांपासूनची पद्धत. इतकी वर्षं नारळ माझ्याच हातात आला होता. तो माझाच असतो, असं मी धरूनच चाललो होतो.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं म्हाताऱ्या माणसांसाठी टॉर्च मागितली. सेल उलटे घाला, सुलटे घाला, ती पेटली पाहिजे. मी लगेच चार डायोड जोडले. वीज कुठूनही आली तरी ते तिला सरळ करून पुढं पाठवतात. टॉर्च पेटली, पण मिणमिणती. दोन सेलांचा निम्मा जोर डायोडच खात होते. शिवाय एक सेल सरळ आणि एक उलटा घातला, की तेवढीही पेटेना.

मोहन्याहून येणारी एक मुलगी तेव्हा नुकतीच डिप्लोमा करून आमच्याकडे लागली होती. तिनं डायोडला हातही लावला नाही. प्रत्येक सेलच्या घराच्या दोन्ही टोकांना तिनं पत्र्याच्या दोन-दोन पट्ट्या बसवल्या. पुढच्या पट्टीला मधे भोक, मागची त्या भोकाच्या आड. सेलचं बोंड भोकातून मागच्या पट्टीला टेकतं, सपाट बूड पुढच्या पट्टीवरच अडतं. म्हणजे मागच्या पट्ट्यांना नेहमी अधिक टोक मिळणार, पुढच्यांना उणे. संपलं. सेल कसाही घाला, टॉर्च लख्ख.

"सर, बघा ना, जमलंय का?"

"ठीक आहे," मी म्हणालो. माझा नुसता जळफळाट झाला होता. इतकं सोपं मला का सुचू नये? कौतुक करणाऱ्या मालकांचा राग आला, तिच्या नीटनेटक्या वेणीचासुद्धा आला.

रविवारी भाजी आणतो म्हणून मी घरातून निघालो आणि नौपाड्यात दुकानामागून दुकान पालथं घातलं. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात स्वस्त सेल मागायचा. एका दुकानदारानं विचारलंसुद्धा, "काका, घरात घड्याळं किती?" बारा दुकानं झाली. घरी येऊन, शनिवारीच पिशवीतून आणलेल्या तिच्या नमुन्यात एकेक सेल घालून बघितला, तर शेवटच्या दुकानातला लागलाच नाही. त्याचं बोंड आखूड होतं, मागच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हतं. मला इतका आनंद झाला, की बायको बघतच राहिली. भाजी राहूनच गेली होती.

सोमवारी सगळ्यांच्या देखत मी तो सेल घातला. टॉर्च पेटली नाही. "बारा दुकानं फिरलो," मी मालकांना ऐकवलं. "बाजारात असलेही सेल विकतात म्हटलं."

तिनं सेल घेऊन बोंड नखानं चाचपलं. "हो की. मी हे बघितलेलंच नाही." दुपारपर्यंत तिनं मागची पट्टी केसभर पुढं घेतली आणि सेल लागला. वर मालकांना म्हणाली, "सरांनी शोधलं म्हणून बरं झालं."

दसऱ्याला पाटावर तिचाच नमुना होता. मालकांनी नारळ तिला दिला. तिनं तो माझ्यापुढं धरला. "सर, तुम्ही फोडा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नको म्हणायला हवं होतं. मी घेतला आणि फोडला.

प्रसाद वाटत ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, बारा दुकानं कुणी मदत करायला नाही फिरत."

माझा चेहरा उतरला. "कळलं होतं, तर तेव्हाच बोलली का नाहीस?"

"सेल खरंच लागत नव्हता ना."

माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून ती पुढच्या माणसाकडे गेली. तिच्या पट्ट्यांबद्दलचा हेवा तोवर ओसरत आला होता. तिच्या या उत्तराचा मात्र अजून वाटतो, आणि तो जाईल असं काही दिसत नाही.