मास्तरांचं स्वतःचं माप

सकाळपासून आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. शिंपीमास्तरांनी सात कॉलर उलटवून दाबल्या, पण लक्ष सगळं दुपारकडे. दुपारी बायकोबरोबर तळ्याकाठच्या दुकानात पाण्यावर उभं राहून वल्हवायची, हवा भरून फुगवायची फळी घ्यायला जायचं होतं.

दर रविवारी बायको फळीवाल्यांच्या टोळीबरोबर उभ्यानं वल्हवत तळ्याच्या पैलतीरी जायची, आणि मास्तर काठावर चपला राखत बसायचे. टोळीची अट एकच, फळी स्वतःची हवी. वर्षभर मागून आणलेल्या फळीवर धडपडून मास्तर उभं राहायला शिकले होते. वळायलाही, पण फक्त डावीकडे. "उजवीकडे जायचं असलं की तीनदा डावीकडे वळतो," असं ते स्वतःच सांगत सुटायचे.

दुकानदारीणबाईंनी बत्तीस इंच रुंदीची फळी पुढे केली. "काका, ही घ्या. लाटेत डगमगत नाही, सामान राहतं, आणि हात सुधारला तरी पुरेल."

मास्तरांची नजर शेजारच्या अठ्ठावीस इंची, टोकदार फळीवर. गळ्यातली टेप काढून त्यांनी फरशीवर आपले दोन पाय मोजले. "अठरा इंच! अठ्ठावीस म्हणजे ऐसपैस झाली की."

"अहो, फळी पाण्यावर टाकायचीय, आरशासमोर नाही," बायको म्हणाली.

"मापातलं तू मला नको शिकवू."

काठालगतच्या पाण्यात अठ्ठावीस इंचीची चाचणी झाली. पहिल्यांदा मास्तर पडले तेव्हा वाऱ्याला बोल लावला. वारा नव्हताच. दुसऱ्यांदा फळीला. तिसऱ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं आणि डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं गिऱ्हाइकाला बसवून, वाकवून मापं घेतली. शिवणीत जादा कापडाची माया सोडली. स्वतःचं माप मात्र फरशीवर खांबासारखं उभं राहून घेतलं! इतका कच्चा शिंपी गावात दुसरा नसेल.

निथळत वर येऊन ते म्हणाले, "बत्तीसवाली द्या, बाई. माया सोडायची राहिली."

"बायकोसाठी कधी सोडली नाहीत," बायको म्हणाली, "फळीपुरती तरी सोडा."

रविवारी मास्तर पैलतीरी पोचले. सगळ्यांच्या शेवटी, निम्मी वाट गुडघ्यांवर, पण कोरडे. बायको मध्येच थांबून मागे वळून बघत होती. आपण पडलो तर पोहत यायला तयार राहावं म्हणून, असं मास्तरांचं मत.

सोमवारी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा आला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि बॉबिनवर निळा दोरा भरायला घेतला.