तांदळात लिहिलेलं नाव

मनमाडला गाडी पकडायची होती. जीप दारात उभी, मी नवी नवरी, पायाशी दोन बॅगा. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "शेवंते, पोचली का कागद टाक." मी हळूच म्हणाले, "आई, आता श्वेता म्हण ना." "मला नाय जमायचं ते," एवढंच बोलली, आणि जीप निघाली. चौऱ्याण्णव साल असेल. घर सोडताना आईशी माझं शेवटचं बोलणं हे असं झालं.

नाशिकजवळ आमचा फुलांचा मळा. मुलगी झाली की बारशाच्या सकाळी आत्यानं मळ्यात चक्कर मारायची आणि जे फुललं असेल ते नाव बाळाच्या कानात सांगायचं, अशी आमच्या घरची रीत. माझ्या वेळी मळा शेवंतीनं पिवळा झाला होता. तेव्हा हे नाव घरोघरी असायचं. आमच्या आळीतच तीन शेवंता होत्या. हाक मारली की तिघीही ओ द्यायच्या. पण शहरातल्या शाळेत गेले तर वर्गात सगळ्या सोनाली नि वैशाली. मुली "काय शेवंताबाई, गजरे आणले का?" म्हणून छळायच्या. मला त्या नावाचा मनापासून राग यायचा. म्हणून लग्नात नवऱ्यानं तांदळात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा 'श्वेता' मीच सुचवलेलं. दोष द्यायला दुसरं कुणीच नाही.

नवरा ओझरला विमानाच्या कारखान्यात होता, त्याची बदली बेंगळुरूला झालेली. तिथं मी आधी श्वेता, मग श्वेता मॅडम, मग बिल्डिंगभर श्वेता आंटी झाले. कन्नड शिकले, कुकरमध्ये बिसी बेळे भात लावायला शिकले. सकाळी रस्त्यावरून फुलवाली "सेवंतिगे, सेवंतिगे" ओरडत जायची, म्हणजे शेवंतीच. पहिलं वर्षभर मी हातातलं काम टाकून दारात यायचे. नंतर सवय झाली. कशाचीही सवय होते, याचाच आता कंटाळा येतो.

आई मात्र फोनवर शेवंताच म्हणायची, आणि मी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

पुढं धाकट्या भावाला मुलगी झाली. आत्या मी, म्हणून नाव ठेवायला गेले. निम्म्या मळ्यात द्राक्षं आली होती, बाकीच्यात शेवंती. आई म्हणाली, "बघून आली ना मळ्यात? मग झालं." पण भावजयीनं मला बाजूला घेतलं. "ताई, जुई म्हणा ना. शेवंताला शाळेत हसतील हो." खोटं नव्हतं. आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळातच चार जुई होत्या, सगळ्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या. फुलांची नावं परत आली होती, फक्त माझं वगळून. मी पाळण्यावर वाकले आणि जुई म्हणाले. आईनं घुगऱ्या वाटल्या. त्या दिवशी मी तिला दुसऱ्यांदा दुखावलं, आणि तेही मला कळत होतं.

चार वर्षांनी आई गेली. दहावं झाल्यावर भावानं कागद काढले. वडिलांच्या पश्चात जमिनीच्या उताऱ्यावर वारस म्हणून माझंही नाव लागलं होतं. हक्क सोडायचं मी कधीच कबूल केलेलं, त्याचं मला काही नव्हतं. रजिस्ट्रारच्या ऑफिसात टेबलाशी भाऊ म्हणाला, "ताई, सही शेवंता म्हणून कर बरं. उताऱ्यावर तेच नाव हाय."

मी पेन धरून तशीच बसले. लग्नानंतर हे नाव मी एकदाही लिहिलं नव्हतं. तुम्हीही घर सोडलं असेल, तर तुम्हाला सांगते: जिथं न सांगता मला शेवंता म्हणायचे, ते माझं घर. म्हणणारी गेली होती. नाव तेवढं त्या कागदावर उरलं होतं, आणि माझ्या सहीनं ते तिथूनही निघणार होतं.

"ताई, लिही ना. मागं लोकं थांबलीत."

मी सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं, शेवंता.