रूल ॲब्सोल्यूट आणि सुके बोंबील

हायकोर्टात जिंकलेला खटला मी घरबसल्या हरवून दाखवला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंग्रजी घेऊन बीए झालेली मी नवी सून. अख्ख्या रत्नागिरीत माझ्याएवढं इंग्रजी कुणाला येत नाही, अशी माझी पक्की समजूत.

मामंजींनी आंब्याचा रस डबाबंद करायला जर्मनीहून यंत्र मागवलं होतं. आमचं म्हणणं, हे फळप्रक्रियेचं यंत्र, करात सवलत हवी. कस्टमवाले म्हणत, छे, हे नुसतं डबे बंद करायचं यंत्र, पूर्ण ड्युटी भरा. भांडण हायकोर्टात, यंत्र मुंबईच्या गोदीत आणि त्याच्यासाठी बांधलेली आमची शेड रिकामी. इकडे हापूस काही कोर्टासाठी थांबणार नव्हता.

निकालाच्या दिवशी वकिलांची तार आली : ‘रूल मेड ॲब्सोल्यूट’. मी पदर सावरून अर्थ सांगितला, “रूल म्हणजे नियम, ॲब्सोल्यूट म्हणजे कायम. कस्टमचा नियम कायम झाला. हरलो आपण.”

मामंजी तडक उठले. चपला घालून शेजारी गेले. शेजारच्या मावशीचा सुक्या मासळीचा धंदा. पावसाळ्याआधी माल भरायला तिचा त्या शेडवर कधीपासून डोळा. हातात नारळ देऊन मामंजींनी शेड तिला द्यायचा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निकालासाठी मुंबईला गेलेले हे एसटीतून उतरले, ते पेढे घेऊनच.

“पेढे कसले? हरलो ना आपण?”

“कुणी सांगितलं? रूल म्हणजे कोर्टाने कस्टमला विचारलेला जाब. तो कायम झाला म्हणजे आपण जिंकलो!”

मामंजींचा पेढा हातातच राहिला. “सूनबाई, यंत्र कोर्टाने सोडवलं. शेड तुम्ही सोडवून आणा.”

एकदा बोंबील आत गेले की रसाला जन्मभर तोच वास! मी अशी धावले की बीए वाटेतच कुठेतरी गळून पडलं. मावशीची पहिली पाटी उंबऱ्याशी पोचलीच होती. मी दारात आडवी उभी राहिले आणि धापा टाकत सगळं सांगून टाकलं.

मावशी कमरेवर हात ठेवून खदखदली. “तुझ्या सासऱ्यानं नारळ दिलान मला. म्हणजे माझा पण रूल कायमच की गो!”

माझा चेहरा बघून तिनं पाटीवाल्याला मागे फिरवलं. मग मला म्हणाली, “पहिला डबा माझ्या घरी पोचव. आणि त्याच्यावर काय लिवलंय, ते तू मला वाचून दाखवू नको.”